तीनशे नावं क्लाउड डिरेक्टरीत भरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातली आंबा बागायतदारांची एक सहकारी संस्था. कार्यालयात बारा माणसं, सगळ्यांची मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. बाहेरचे संबंध मात्र तीनशेच्या घरात: बागायतदार, टेम्पोवाले, वाशी मार्केटातले आडते, खोकेवाले, प्रयोगशाळा, विमा, बँक, सीए. जुने क्लार्क निवृत्त झाले आणि निम्मे नंबर त्यांच्या फोनबरोबर घरी गेले. म्हणून ही सगळी नावं वेबवरच्या ॲडमिन सेंटरमधून संस्थेच्या डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक नावयादीत, भरायची असं व्यवस्थापक ताईंनी ठरवलं. काम सुरू केलं तर भरलेलं नाव सहकाऱ्याच्या आउटलुकमध्ये दिसेना, सीएंचा पत्ता 'आधीच वापरात आहे' म्हणून घेतला जाईना, आणि कितीतरी बागायतदारांकडे ईमेलच नाही. शेवटी त्यांनी हेही विचारलंय की शेजारच्या संस्थेत गूगल आहे, त्यांना असंच करता येईल का.

ताई, तीनशे नावं डिरेक्टरीत भरू नका. साठ-सत्तर भरा. बाकीच्यांची सोय वेगळी करायची आहे, ती पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचा बराच गोंधळ तिच्यातूनच निघतो. डिरेक्टरीत बाहेरच्या माणसाची नोंद तीन तऱ्हांनी होऊ शकते आणि पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. पहिली, मेल कॉन्टॅक्ट: म्हणजे नुसतं नाव आणि बाहेरचा ईमेल पत्ता. त्याला पासवर्ड नसतो, लॉगिन नसतं, परवाना लागत नाही, खर्च शून्य. दुसरी, मेल युजर: मेल त्याच्या बाहेरच्याच पत्त्यावर जाते, पण तुमच्या संस्थेत लॉगिन करायला त्याला खातं मिळतं. तिसरी, गेस्ट: टीम्समध्ये किंवा शेअरपॉइंटवरच्या फाइलसाठी एखाद्याला आमंत्रण दिलं की त्याची नोंद आपोआप तयार होते. आडत्याला तुमच्याकडे लॉगिन कशाला हवं? त्याला फक्त मेल जायला हवी. म्हणून तुमच्या कामाला शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा मेल कॉन्टॅक्टच. एक्सचेंजचा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या मेल सांभाळणाऱ्या भागाचा, फॉर्म सुरुवातीलाच विचारतो की कॉन्टॅक्ट हवा की युजर, आणि घाईत तिथे दुसरंच निवडलं जातं. रत्नागिरीकडे एका मासळी प्रक्रिया कंपनीत कस्टमच्या एजंटला सरळ परवान्यासकट पूर्ण खातं दिलेलं मी पाहिलंय. दर महिन्याला पैसे जात होते आणि त्या गृहस्थांना आपलं असं खातं आहे याचा पत्ताही नव्हता.

हे करायला दोन दारं आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटरमध्ये 'युजर्स'खाली 'कॉन्टॅक्ट्स', आणि एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये 'रेसिपियंट्स'खाली 'कॉन्टॅक्ट्स'. नोंद एकच, कुठूनही करा. पहिलं दार सोपं, आणि सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) एकदम पुष्कळ नावं चढवायची सोय तिथे आहे. दुसऱ्या दारात बारकावे जास्त. ॲझ्युअर एडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन खाती सांभाळणाऱ्या सेवेचं २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी असं नामकरण झालं, आणि त्या पोर्टलमध्ये बरेच जण कॉन्टॅक्ट शोधत बसतात. तिथे युजर आणि ग्रुप सांभाळायचे असतात, कॉन्टॅक्ट घालायचं बटण नाही. ज्यांच्याकडे कार्यालयातला जुना सर्व्हर क्लाउडला जोडून सिंक केलेला आहे, त्यांना सर्व्हरवरून आलेली नोंद वेबवरून बदलता येत नाही. ती मूळ जागीच बदलावी लागते. तुमच्याकडे सर्व्हर नाही, तेव्हा हा विषय सोडू.

आता तीनशेतले साठ कसे निवडायचे. मी एकच कसोटी लावतो: या पत्त्यावर कार्यालयातल्या किमान दोघांना वेगवेगळ्या कामासाठी मेल पाठवावी लागते का? वाशीचे आडते, ट्रान्सपोर्ट कंपन्या, प्रयोगशाळा, बँकेची शाखा, विमा कंपनी, सीए, कृषी खात्यातली कार्यालयं, खोकी पुरवणारे कारखाने या कसोटीला उतरतात. एकट्या पॅकहाउस सुपरवायझरला लागणारा गवंडी उतरत नाही. तो त्याच्या फोनमध्येच बरा. डिरेक्टरी सगळ्यांच्या समोर येते. तिच्यात दोनशे अनोळखी नावं घुसली की प्रत्येकाला 'टू'मध्ये तीन अक्षरं टाइप केल्यावर आठ सूचना दिसायला लागतात, आणि चुकीच्या माणसाला मेल जाण्याचं मूळ तिथेच असतं.

आणि बागायतदार? इथे तुमच्या तिसऱ्या अडचणीचं उत्तर आहे. मेल कॉन्टॅक्टला बाहेरचा ईमेल पत्ता सक्तीचा आहे, त्याशिवाय नोंद होतच नाही. मग लोक युक्ती काढतात: नावापुढे जीमेल लावून काल्पनिक पत्ता ठोकून देतात. कृपा करून असं करू नका. तो पत्ता नसेल तर मेल परत येईल, हे त्यातल्या त्यात बरं. पण तो पत्ता जगात कुणाचा तरी असला, तर तुमचं पेट्यांचं हिशेबपत्रक भलत्याच माणसाच्या हातात पडतं. ज्यांचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो त्यांची जागा मेलच्या डिरेक्टरीत नाहीच.

त्यांच्यासाठी शेअरपॉइंटवर एक लिस्ट करा. तुमच्या वर्गणीत मायक्रोसॉफ्ट लिस्ट्स बहुतेक असेलच. रकाने तुम्हाला हवे तसे: नाव, गाव, वाडी, फोन, दुसरा फोन, कलमं किती, मँगोनेटवर (निर्यातीसाठीच्या बागांची नोंदणी) बागेची नोंद आहे का, जीआयचे म्हणजे भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते आहेत का. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं तेव्हापासून हा शेवटचा रकाना बऱ्याच संस्थांना लागतोच. यातलं काहीही डिरेक्टरीच्या कॉन्टॅक्टमध्ये नीट बसत नाही, आणि लिस्टमध्ये मात्र 'जामसंड्यातले, निर्यातीची नोंदणी झालेले' अशी चाळणी एका क्लिकवर लागते. कुणी काय बदललं याचा इतिहासही राहतो. ज्या थोड्या बागायतदारांना खरोखर ईमेल आहे आणि ते मेल उघडून वाचतात, तेवढेच दोन्हीकडे ठेवा.

आता नावं. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा, आणि नेमका इथेच कुणी घालवत नाही. देवगड-मालवणात परब, सावंत, राणे, तावडे, घाडी ही आडनावं किती जणांची आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमच्याच कार्यालयात एक परब असणार आणि वाशीच्या गाळ्यावर दुसरे. आउटलुकमध्ये 'परब' टाइप केलं आणि एंटर दाबला की वरचं नाव घेतलं जातं. आतल्या परबांना पाठवायचं दरपत्रक बाहेरच्या परबांना गेलं तर पुढच्या आठवडाभराची घासाघीस तिथेच संपली म्हणायची.

म्हणून 'डिस्प्ले नेम' म्हणजे दिसणारं नाव एकाच साच्यात ठेवा. माझा साचा असा: आडनाव नाव, मग डॅश, गाव किंवा मार्केट, मग काम. 'परब दत्ताराम – वाशी – आडते'. 'सावंत एकनाथ – नांदगाव – टेम्पो'. लोक प्रत्यक्षात माणूस शोधतात तो असाच, 'वाशीचे परब', 'नांदगावचा टेम्पोवाला'. शोधायला गेलं की आडनावाखाली सगळे एकत्र येतात आणि कोण कुठला हे लगेच कळतं. काम लिहिताना शब्द ठरवून घ्या. एकाने 'आडते', दुसऱ्याने 'दलाल', तिसऱ्याने 'व्यापारी' लिहिलं की पुढे यादी गाळता येत नाही.

त्याच्या जोडीला 'मेलटिप' हे छोटंसं खणही वापरा. मेल लिहिताना तो पत्ता टाकला की वर एक पिवळी ओळ दिसते, ती आपण ठरवायची. १७५ अक्षरांची मर्यादा आहे, पुरेशी आहे. आडत्यांच्या सगळ्या कॉन्टॅक्टना 'हा पत्ता संस्थेबाहेरचा आहे, दर आणि शेतकऱ्यांचे हिशेब पाठवण्याआधी पुन्हा पाहा' अशी ओळ घाला. बाहेरच्या पत्त्याबद्दल सावध करणारी सरसकट सूचनाही मायक्रोसॉफ्टमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते आणि पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालू करावी लागते. तोवर हे हातानं करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

देवनागरी की इंग्रजी अक्षरं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण दुसऱ्याच दिवशी पडेल. दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं. 'एलियस', म्हणजे नोंदीचं आतलं छोटं नाव, मात्र इंग्रजी अक्षरांतच द्यावा लागतो. अडचण अशी की कार्यालयातला अर्धा स्टाफ मराठी कळफलक वापरतो, अर्धा नाही, आणि एका लिपीत टाइप केलं तर दुसऱ्या लिपीतलं नाव आउटलुक शोधून देत नाही. तोड सोपी आहे. दिसणारं नाव देवनागरीत आणि 'फर्स्ट नेम', 'लास्ट नेम' ही खणं इंग्रजीत भरा. शोध या तिन्हींत आणि एलियसमध्येही घेतला जातो, त्यामुळे दोन्ही प्रकारे माणूस सापडतो. इंग्रजीत सावंत डब्ल्यूने लिहायचे की व्हीने, देवगडमध्ये व्ही की ओ, हेही एकदा ठरवून कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. दोन नावं आधी भरून, दोघांच्या संगणकांवर शोधून बघा. जमलं तर बाकीची.

पदाची गोष्टही इथेच. बँकेचे शाखाधिकारी दर काही वर्षांनी बदलतात, विमा अधिकारी बदलतात, तालुका कृषी अधिकारी बदलतात. त्यांच्या वैयक्तिक नावाने कॉन्टॅक्ट करू नका. 'बँक – देवगड शाखा' असं नाव आणि शाखेचा अधिकृत पत्ता. सध्या कोण आहेत ते 'नोट्स'मध्ये. बदली झाली की एक ओळ खोडायची, बाकी काही हलत नाही. उलट वाशीचा आडता म्हणजे तो माणूसच, त्याचं नावच हवं.

सीएसव्ही फाइलनं साठ नावं एकदम चढवता येतात. ॲडमिन सेंटर रकान्यांच्या नावांसकट नमुना फाइल देतं. तीच घ्या, रकान्यांची नावं बदलू नका. फसवतं ते एक्सेल. लँडलाइनचा नंबर ०२३६४ पासून सुरू होतो, एक्सेल त्याला संख्या समजून पुढचं शून्य खातं आणि देवगडचा कोड २३६४ होऊन बसतो. अधिक ९१ लावलेला मोबाइल नंबर दहाच्या घातात दिसायला लागतो. म्हणून टाइप करण्याआधी तो पूर्ण रकाना 'टेक्स्ट' करून घ्यायचा. देवनागरी नावं असतील तर फाइल सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा, साधा सीएसव्ही नको. नाहीतर डिरेक्टरीत साठ ओळी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि एकदा तयार केलेली सीएसव्ही 'जरा बघू' म्हणून डबल क्लिकने उघडून पुन्हा सेव्ह करू नका, उघडतानाच ती शून्यं परत गळतात. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये. पहिल्या वेळी तीनच ओळींची फाइल चढवा.

आता तुमची पहिली अडचण, भरलेलं नाव सहकाऱ्याला दिसत नाही. बहुधा काहीही बिघडलेलं नाही. ब्राउझरमधल्या आउटलुकवर शोधा. तिथे दिसलं तर नोंद झालेली आहे. संगणकावरचं जुनं, क्लासिक आउटलुक ॲड्रेस बुकची एक प्रत उतरवून ठेवतं आणि दिवसातून एकदाच ती ताजी करतं. त्यात क्लाउडकडून प्रत तयार व्हायचा वेळ मिळवा. दिवस-दीड दिवस थांबायची तयारी ठेवा. घाईच असेल तर 'सेंड रिसीव्ह'च्या टॅबमध्ये 'डाउनलोड ॲड्रेस बुक' आहे, ते चालवा. ब्राउझरमध्येही दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसलं नाही, तर कॉन्टॅक्ट उघडून 'ॲड्रेस लिस्टमधून लपवा' ही खूण चुकून लागली आहे का ते पाहा.

फोनचं वेगळं आहे आणि इथे बऱ्याच जणांची निराशा होते. डिरेक्टरीतली नावं फोनच्या संपर्कयादीत आपोआप उतरत नाहीत. आउटलुक ॲपमध्ये शोधलं तर सापडतील, पण वाशीहून फोन वाजला तर पडद्यावर नुसता नंबरच येईल. ज्यांचे फोन रोज येतात त्यांना प्रत्येकाने ॲपमध्ये उघडून आपल्या कॉन्टॅक्टमध्ये घालायचं, मग ते फोनवर जातात. हंगामात ज्याला दिवसाला चाळीस फोन येतात त्या माणसाकडून एवढं बसून करून घ्या.

सीएंचा पत्ता. 'आधीच वापरात' असं येतं तेव्हा तो पत्ता तुमच्या डिरेक्टरीत दुसऱ्या कुठल्यातरी नोंदीवर आहे; एका पत्त्यावर दोन नोंदी चालत नाहीत. माझा तर्क असा की मागे कुणीतरी ताळेबंदाची फाइल शेअरपॉइंटवरून सीएंना शेअर केली आणि त्यांची गेस्ट नोंद तयार झाली. 'युजर्स'मध्ये 'गेस्ट युजर्स' उघडून बघा, तिथे बहुतेक असतीलच. गेस्ट हे मुळात ॲड्रेस लिस्टमधून लपवलेले असतात, म्हणून कुणाला दिसले नाहीत. आता दोन मार्ग. सीएंना खरंच फाइल उघडायला लागतात, तेव्हा गेस्ट काढू नका. तीच नोंद ॲड्रेस लिस्टमध्ये दिसती करा आणि तिचं नाव वरच्या साच्यात बदला. पॉवरशेलमधून एका ओळीचं काम आहे, तुमच्या सेवा पुरवठादाराला सांगा. गेस्टची गरजच नसेल तर ती नोंद काढून कॉन्टॅक्ट करा, पण काढलेले युजर ३० दिवस 'डिलीटेड युजर्स'मध्ये पडून राहतात, तिथूनही कायमचे काढल्याशिवाय पत्ता मोकळा झाला असं समजू नका. गेस्टमध्ये नाही सापडलं तर ग्रुप आणि शेअर्ड मेलबॉक्स चाळा. पत्ता कधीकधी अशा ठिकाणी जोडून ठेवलेला असतो.

पत्ता बदलला तर काय, यावर जरा थांबतो. आडत्याने नवी कंपनी केली, ईमेल बदलला. स्वाभाविक वाटतं ते असं की जुना कॉन्टॅक्ट काढा, नवा घाला. तसं करू नका. आहे तोच कॉन्टॅक्ट उघडून बाहेरचा पत्ता बदला. कारण डिरेक्टरीतल्या माणसाला मेल पाठवली की आउटलुक त्याच्या ईमेलबरोबर आतली एक लांबलचक ओळखखूण लक्षात ठेवतं. नोंद काढून तीच पुन्हा केली तरी नवी नोंद म्हणजे नवी खूण. मग 'टू'मध्ये आपोआप येणारं जुनं नाव निवडलं किंवा जुन्या मेलला उत्तर दिलं की मेल परत येते, आणि परत आलेल्या निरोपात कुणाला न कळणारी अक्षरांची रांग असते. पत्ता तर बरोबर आहे, मग परत का, म्हणून दिवस जातो. तेव्हा 'टू'मध्ये सुचवलेल्या नावापुढची फुली दाबून ते काढायचं आणि ॲड्रेस बुकमधून नव्याने निवडायचं.

काढून टाकताना आणखी एक. युजर काढला तर ३० दिवसांत परत आणता येतो. कॉन्टॅक्टला ती सोय नाही, गेला तो गेला, ज्या ज्या ग्रुपमध्ये होता तिथूनही गेला. म्हणून मी काढत नाही, आधी लपवतो. एक हंगाम लपलेला राहू दे, कुणी विचारलं नाही तर पुढच्या वर्षी काढायचा. आणि काढण्याआधी एक्सचेंजमधून सगळी यादी एक्स्पोर्ट करून ठेवायची.

ग्रुपबद्दल थोडक्यात. सगळ्या आडत्यांना दर शनिवारी आवकेची मेल जाते, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी 'डिस्ट्रिब्यूशन लिस्ट' करा. तीत मेल कॉन्टॅक्ट घालता येतात. ज्याला नुसतं 'मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप' म्हणतात त्यात घालता येत नाहीत. फायदा असा की बाहेरच्याला फक्त लिस्टचा पत्ता दिसतो, बाकीचे आडते कोण हे कळत नाही. आत्ता तुम्ही 'सीसी'मध्ये सगळे पत्ते घालता त्यात प्रत्येक आडत्याला तुमचे इतर आडते कोण ते दर शनिवारी फुकट कळतंय. लिस्टवर फक्त आतल्यांनीच पाठवायचं, ही खूण मुळातच लागलेली असते, ती तशीच राहू द्या. त्याने कुणी 'रिप्लाय ऑल' केलं तरी बाहेरची मेल लिस्टवर पसरत नाही. कॉन्टॅक्टच्या 'कंपनी' किंवा 'डिपार्टमेंट' खणात एकसारखा शब्द भरलात तर 'डायनॅमिक' लिस्टही करता येते. तो शब्द असलेले सगळे तिच्यात आपोआप येतात. फक्त त्या लिस्टमध्ये नवं नाव शिरायला दिवसभर लागू शकतो. शुक्रवारी संध्याकाळी भरलेला आडता शनिवारच्या मेलमधून सुटेल.

हे सगळं करायला कुणाला काय अधिकार द्यायचे? सध्या तुमच्याकडे 'ग्लोबल ॲडमिन', म्हणजे सगळ्याचे सगळे अधिकार, चौघांना दिलंय असं दिसतं, आणि त्यातलं एक खातं निवृत्त क्लार्कांचं आहे. कॉन्टॅक्ट सांभाळायला ग्लोबल ॲडमिनची गरज नाही. एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये 'रिसिपियंट मॅनेजमेंट' नावाची भूमिका आहे, ती दोघांना द्या. एक रजेवर असेल तर दुसरा. ग्लोबल ॲडमिन तुमच्याकडे आणि पुरवठादाराकडे, दोन्हींना मोबाइलवरची दुहेरी पडताळणी लावून.

क्लार्कांच्या खात्याला हात लावण्याआधी एक काम आहे. परवाना काढला की मेलबॉक्स ३० दिवसांनी पुसला जातो, आणि त्यांच्या मेलबॉक्समधले स्वतःचे कॉन्टॅक्टही त्याबरोबर. आधी तो मेलबॉक्स 'शेअर्ड' करा. ५० जीबीपर्यंत त्याला परवाना लागत नाही. मग परवाना काढा आणि लॉगिन बंद करा. त्यातली 'पीपल'ची यादी एक्स्पोर्ट केलीत तर गेले म्हणता ते अर्धे नंबर तिथेच सापडायची शक्यता आहे. उरलेल्यांसाठी त्यांच्या घरी जाऊन बसा, वही घेऊन. कुठला टेम्पोवाला रात्री अकरालाही फोन उचलतो आणि कुठल्याला पहाटे करायचा, हे कुठल्याच खणात लिहिलेलं नसतं, ते नोट्समध्ये उतरवून घ्या.

नोट्समध्ये काय लिहायचं नाही तेही सांगतो. आधार क्रमांक, बँक खातं, कोण किती उधारीत आहे. डिरेक्टरी हंगामापुरत्या घेतलेल्या पोरालाही दिसते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही लोकांची माहिती ज्या कामासाठी घेतली त्यापुरतीच वापरायला सांगतो. आडत्याच्या घरच्यांचा नंबर तुम्हाला लागत असेल तर तो एकाच माणसाच्या फोनमध्ये असू द्या.

यादी तपासायची वेळ जूनचा पहिला पंधरवडा. हंगाम आटोपलेला असतो, हिशेब लागत आलेले असतात आणि या वर्षी कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याने दगा दिला ते ताजं आठवत असतं. मार्च-एप्रिलमध्ये कुणी वेळ देणार नाही, नियम काढूनही उपयोग नाही. त्याच वेळी यादीचा एक कागदी उतारा काढा, दोन पानांत बसेल असा, आणि एक प्रत कार्यालयात, एक तुमच्या घरी. हा जुनाट हट्ट वाटेल, पण ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत वीज आणि मोबाइल किती दिवस बंद होते ते आठवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरचे संगणक आणि रजिस्टरं दोन्ही गेली. क्लाउडमधली नोंद अशा वेळी सुरक्षित राहते हे खरं, फक्त ती उघडायला रेंज लागते. क्लासिक आउटलुक असलेल्या लॅपटॉपवर ॲड्रेस बुकची प्रत उतरलेली असते, बॅटरी असेतो तिचाही उपयोग होतो.

शेजारच्या संस्थेचं उत्तर छोटं आहे आणि फारसं चांगलं नाही. गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिन कन्सोलमध्ये आपली माणसं, ग्रुप आणि त्यांची डिरेक्टरी नीट सांभाळता येते, पण बाहेरच्या माणसाचा सामायिक कॉन्टॅक्ट घालायला तिथे असा सरळ फॉर्म नाही. ते काम 'डोमेन शेअर्ड कॉन्टॅक्ट्स' नावाच्या एपीआयमधून होतं, म्हणजे कुणीतरी प्रोग्राम लिहायचा किंवा त्यावर बांधलेलं तयार साधन विकत घ्यायचं, आणि बदल दिसायला तिथेही दिवसभर लागू शकतो. लहान संस्थेला मी सुचवतो ते असं: कार्यालयाच्या नावाचं एक खातं ठेवायचं, सगळे संपर्क त्याच्या गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये भरायचे, आणि कन्सोलमध्ये कॉन्टॅक्ट डेलिगेशन चालू करून ते बाकीच्यांना वापरायला द्यायचे. नावांचा साचा, पदाच्या नावाने नोंद आणि एक्सेलची शून्यं, हे तीन मुद्दे त्यांनाही जसेच्या तसे लागू.